ध्रुव ओलांडणारे प्लाझ्मापुंज : अभ्यासाला हात घालण्यापूर्वी

पृथ्वीच्या पृष्ठभागापासून साधारण ८० किलोमीटरच्या पुढे वातावरणातील विरळ वायूचे काही अणुरेणू सूर्याच्या अतिनील आणि क्ष-किरणांमुळे आयनीभूत होतात, आणि तेथून वरच्या प्रदेशाला आयनांबर म्हणतात. आयन आणि सुटे इलेक्ट्रॉन यांच्या या मिश्रणासाठी मराठी विज्ञानलेखनात आयनद्रायू असा शब्द आहे, परंतु प्लाझ्मा हा शब्द आता इतका रुळला आहे की येथे तोच वापरला आहे. आयनांबराच्या सर्वांत दाट भागात, म्हणजे सुमारे २५० ते ४०० किलोमीटर उंचीवरच्या एफ थरात, दोन्ही ध्रुवांच्या परिसरात शंभरापासून हजार किलोमीटरपर्यंत रुंदीचे, भोवतालापेक्षा किमान दुप्पट दाट असे प्लाझ्माचे पुंज आढळतात आणि ते सेकंदाला काहीशे मीटर, प्रसंगी एक किलोमीटर, इतक्या वेगाने दिवसाच्या बाजूकडून ध्रुवावरून रात्रीच्या बाजूकडे वाहत जातात. संशोधक त्यांना पोलर कॅप पॅच म्हणतात. या लेखात त्यांना नुसते पुंज म्हटले आहे. भौतिकशास्त्राची पदवी असलेल्या आणि संगणकावर विदा हाताळता येणाऱ्या अभ्यासकाला या विषयात शिरणे आज फारसे कठीण नाही, कारण बहुतेक मोजमापे सर्वांना खुली आहेत. कठीण आहे ते, आलेखावर दिसणारा उंचवटा खरोखरच पुंज आहे की मोजण्याच्या पद्धतीने निर्माण केलेला भास आहे, हे ठरवणे.

ध्रुवीय हिवाळ्यात सूर्य कित्येक आठवडे क्षितिजावर येत नाही, तेव्हा तेथील आयनांबर ओसरून जायला हवे, अशी साधी अपेक्षा असते. पण १९८० च्या दशकाच्या आरंभी ग्रीनलंडमधील थुले तळाच्या परिसरात (२०२३ पासून या तळाचे नाव पिटुफिक आहे) जमिनीवरील उपकरणांनी आणि अमेरिकी हवाई दलाच्या निरीक्षण-विमानाने घेतलेल्या नोंदींत याच्या अगदी उलट चित्र दिसले आणि वेबर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये या दाट पुंजांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. हा प्लाझ्मा तेथे तयार झालेला नसतो, तो बाहेरून आलेला असतो. एफ थरातील मुख्य आयन ऑक्सिजनच्या अणूचा असतो आणि त्याचा इलेक्ट्रॉनशी थेट पुनःसंयोग अत्यंत मंद असल्याने त्याला आधी नायट्रोजन किंवा ऑक्सिजनच्या रेणूशी अभिक्रिया करून रेणवीय आयन बनावे लागते. तीनशे किलोमीटरच्या वर असे रेणू विरळ असल्यामुळे प्लाझ्मा काही तास टिकून राहतो. ३,००० किलोमीटर रुंदीचा ध्रुवप्रदेश सेकंदाला ५०० मीटर वेगाने ओलांडायला एक तास चाळीस मिनिटे लागतात, म्हणजे दिवसाच्या बाजूला उन्हात तयार झालेला प्लाझ्मा अंधारातला सगळा प्रवास पुरा करूनही शिल्लक उरतो.

या प्रवासाला लागणारी गती कोठून येते, याचे उत्तर जेम्स डंजी यांनी १९६१ मध्ये मांडलेल्या कल्पनेत आहे. सौरवाताबरोबर येणारे आंतरग्रहीय चुंबकीय क्षेत्र जेव्हा दक्षिणाभिमुख असते, तेव्हा ते पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी दिवसाच्या बाजूला जोडले जाते, जोडलेल्या बलरेषा सौरवात ध्रुवावरून मागे खेचून नेतो, रात्रीच्या बाजूला त्या पुन्हा मिटतात आणि कमी अक्षांशांवरून परत येतात. या अभिसरणाची सावली आयनांबरावर पडते आणि तेथे जात्याच्या दोन पाळ्या एकमेकींच्या उलट फिराव्यात तसे दोन भोवरे दिसतात. त्यांच्या मधल्या प्रवाहात सापडलेला मध्यम अक्षांशांवरचा दाट प्लाझ्मा जिभेसारखा लांबट होऊन ध्रुवाकडे सरकतो. नुडसन यांनी १९७४ मध्ये या जिभेचे स्पष्टीकरण अभिसरणाच्या आधारे दिले. जिभेचे तुकडे होऊन पुंज कसे सुटतात, याविषयी मात्र एकापेक्षा अधिक यंत्रणा सुचवलेल्या आहेत. लॉकवुड आणि कार्लसन यांनी १९९२ मध्ये असे मांडले की बलरेषांची जोडणी सलग न होता उसळ्यांनी होते आणि प्रत्येक उसळीबरोबर दाट प्लाझ्माचा एकेक घास आत ओढला जातो. दुसऱ्या बाजूने, अरुंद पट्ट्यातील अतिवेगवान प्रवाहात घर्षणाने तापमान वाढून पुनःसंयोग जलद होतो आणि जीभ मधेच कातरली जाते, असेही दाखवता येते. ‘पुंजांचे एकमेव कारण’ हा प्रबंधाचा विषय नवख्या अभ्यासकाने घेऊ नये, हे येथेच सांगितलेले बरे.

अभ्यासकाने पहिली गोष्ट करावी ती ही की, विदेची एकही फाइल उघडण्यापूर्वी पुंजाची व्याख्या कागदावर लिहून ठेवावी आणि नंतर ती सोयीप्रमाणे वाकवू नये. भोवतालच्या किमान दुप्पट घनता आणि किमान शंभर किलोमीटर विस्तार, ही व्याख्या प्रचलित असली तरी तिच्यातील ‘भोवताल’ हा शब्द फसवा आहे. समजा, बाहेरून आलेल्या प्लाझ्मामुळे एखाद्या ठिकाणी घनसेंटीमीटरला एक लाख इलेक्ट्रॉनांची भर पडली. हिवाळ्यातील पार्श्वभूमी ५० हजारांची असेल तर एकूण घनता तिप्पट होते आणि पुंजाची नोंद होते. उन्हाळ्यात पार्श्वभूमी तीन लाखांची असेल तर तीच भर जेमतेम एकतृतीयांश वाढ ठरते आणि निकषातून निसटते. अशा गुणोत्तरावर आधारलेल्या निकषाने ‘पुंज हिवाळ्यात अधिक असतात’ असा निष्कर्ष काढला तर त्यातला किती भाग निसर्गाचा आणि किती अंकगणिताचा, हे वेगळे करून दाखवावे लागते. हा धोका केवळ पुस्तकी नाही. युरोपीय अवकाश संस्थेच्या स्वॉर्म उपग्रहांच्या विदेवर आधारलेल्या २०१७ च्या एका अभ्यासात (स्पायकर आणि सहकारी) दोन्ही गोलार्धांत पुंजांची संख्या तेथील स्थानिक हिवाळ्यात सर्वाधिक आढळली, तर त्याच उपग्रहांच्या विदेवर आधारलेल्या २०१८ च्या दुसऱ्या अभ्यासात (चार्टियर आणि सहकारी) ती दोन्ही गोलार्धांत डिसेंबरच्या सुमारास, म्हणजे दक्षिणेत भर उन्हाळ्यात, सर्वाधिक निघाली. उपग्रह तेच, विदा तीच, पण पुंज वेचण्याचे निकष वेगळे. ज्याला या विषयात स्वतःचे काही करून पाहायचे आहे त्याने हे दोन्ही निबंध शेजारी ठेवून वाचावेत आणि एकाच महिन्याच्या विदेवर दोन्ही प्रकारचे निकष स्वतः लावून पाहावेत; त्यातून जेवढे शिकायला मिळते तेवढे दहा आढावालेख वाचून मिळत नाही.

निकषानंतर जागेचा प्रश्न येतो. भौगोलिक अक्षांश-रेखांशांवर काढलेल्या नकाशात पुंजांची वाट वेडीवाकडी दिसते, कारण प्लाझ्माची हालचाल चुंबकीय क्षेत्राच्या अधीन असते आणि चुंबकीय ध्रुव भौगोलिक ध्रुवापासून दूर आहे, दक्षिणेत तर उत्तरेपेक्षाही अधिक दूर. म्हणून प्रत्येक मोजमाप चुंबकीय अक्षांश आणि चुंबकीय स्थानिक वेळ यांत रूपांतरित करून घ्यावे. या वेळेत सूर्याकडील बाजू बारा वाजता आणि विरुद्ध बाजू शून्य वाजता धरली जाते, आणि रूपांतरासाठी लागणाऱ्या संगणकप्रणाली पायथॉन भाषेत विनामूल्य मिळतात. ध्रुवीय टोपी, म्हणजे सौरवाताशी जोडलेल्या खुल्या बलरेषांचा प्रदेश, हीदेखील स्थिर वर्तुळासारखी नसते. चुंबकीय वादळात ती फुगते आणि शांत काळात आक्रसते. ठरावीक चुंबकीय अक्षांशाच्या वरचा सगळा भाग टोपी मानणे सोपे असले तरी शांत दिवशी त्यामुळे ध्रुवीय प्रकाशाचा पट्टाच टोपीत मोजला जातो, आणि त्या पट्ट्यात वरून कोसळणाऱ्या इलेक्ट्रॉनांनी जागेवरच निर्माण केलेला प्लाझ्मा पुंज म्हणून यादीत शिरतो. वाहून आलेल्या आणि जागेवर तयार झालेल्या प्लाझ्मातला फरक ओळखण्याची चांगली खूण म्हणजे इलेक्ट्रॉनांचे तापमान: प्रवासात ऊर्जेचा पुरवठा तुटलेला प्लाझ्मा थंड असतो, कणवर्षावाखालचा प्लाझ्मा तापलेला असतो. उष्ण पुंजही असतात असे अलीकडच्या काळात दाखवले गेले आहे, त्यामुळे केवळ तापमानावरून निवाडा करता येत नाही, पण ते न पाहता केलेली यादी विश्वासार्ह नसते.

आता उपकरणांकडे वळावे. त्यांतले कोणतेही पुंज जसा आहे तसा पूर्ण दाखवत नाही. सर्वांत मोहक असतात ती संपूर्ण आकाश टिपणाऱ्या कॅमेऱ्यांची चित्रे, ज्यांत ६३०.० नॅनोमीटर तरंगलांबीच्या लाल प्रकाशात पुंज ढगासारखा सरकताना दिसतो. कॅनडातील रेझोल्यूट बे येथे २००५ पासून असा जपानी कॅमेरा चालवला गेला आणि त्याच्या नोंदींवर बरेच संशोधन उभे आहे. हा प्रकाश ऑक्सिजनच्या रेणवीय आयनाचा इलेक्ट्रॉनशी पुनःसंयोग होताना निर्माण होणाऱ्या उत्तेजित अणूपासून येतो, आणि रेणूंचे प्रमाण उंचीबरोबर झपाट्याने घटत असल्यामुळे पुंज वर उचलला गेला तर त्याची घनता तीच राहूनही तो मंद दिसतो, खाली आला तर उजळतो. तेजस्वी म्हणजे दाट, हे समीकरण म्हणूनच मांडता येत नाही. उत्तेजित अणू प्रकाश सोडण्यापूर्वी सरासरी ११० सेकंद थांबतो; रेणूंशी टक्कर होऊन ही मुदत प्रत्यक्षात घटत असली तरी तेवढ्या अवधीत पुंज काही दशक किलोमीटर पुढे गेलेला असतो, त्यामुळे चित्रातील कडा निसर्गातील कडेपेक्षा पसरट असते आणि तिच्या तीव्रतेवरून अस्थिरतेचे गणित मांडणे धोक्याचे ठरते. ढग, चंद्र आणि उन्हाळा यांनी वाया जाणाऱ्या रात्रींचा हिशेब तर वेगळाच ठेवावा लागतो.

ढगांची अडचण नसलेले साधन म्हणजे जीपीएस आणि तत्सम उपग्रहांचे संदेश. दोन वेगवेगळ्या वारंवारतांचे संदेश प्लाझ्मातून जाताना वेगवेगळ्या प्रमाणात रेंगाळतात आणि त्या फरकावरून संदेशाच्या वाटेवरील एकूण इलेक्ट्रॉन-संख्या काढता येते. तिचे एकक एका चौरस मीटर छेदाच्या स्तंभातील १ वर १६ शून्ये इतके इलेक्ट्रॉन असे आहे, आणि अशा एका एककामुळे जीपीएसच्या १५७५.४२ मेगाहर्ट्झ वारंवारतेवर अंतराच्या मापनात सुमारे १६ सेंटीमीटरची चूक येते. जगभरच्या ग्राहकयंत्रांवरून तयार केलेले याचे नकाशे अमेरिकेतील हेस्टॅक वेधशाळेच्या माद्रिगाल विदापेढीत मिळतात. परंतु जीपीएस उपग्रहांच्या कक्षा विषुववृत्ताशी ५५ अंशांचा कोन करतात, त्यामुळे ध्रुवाजवळच्या निरीक्षकाच्या माथ्यावर ते कधीच येत नाहीत. संदेशाची वाट तिरपी राहते, ती उभ्या स्तंभात बदलताना सगळा प्लाझ्मा एका पातळ कवचात आहे असे गृहीत धरावे लागते, आणि पुंजाच्या कडेवर हे गृहीतक सर्वांत कच्चे असते. रशियाच्या ग्लोनास उपग्रहांच्या कक्षा ६४.८ अंशांच्या असल्याने ती विदा जोडून घेतल्यास परिस्थिती काहीशी सुधारते. आर्क्टिक महासागरावर ग्राहकयंत्रे नसल्याने नकाशात राहिलेली रिकामी जागा मात्र रिकामीच दाखवावी. संगणकाने ती गुळगुळीत रंगाने भरून दिली तर तेथे पुंज जन्माला येतात आणि नाहीसेही होतात.

प्लाझ्मातून प्रत्यक्ष जाणारे उपग्रह घनता थेट मोजतात. २२ नोव्हेंबर २०१३ रोजी सोडलेले तीन स्वॉर्म उपग्रह सेकंदाला सुमारे ७.६ किलोमीटर वेगाने जातात आणि सेकंदाला दोन नोंदी करतात, म्हणजे तीनशे किलोमीटरचा पुंज ते चाळीस सेकंदांत आणि ऐंशीच्या आसपास नोंदींत ओलांडतात. कडा एवढ्या बारकाईने दुसरे कोणतेही साधन सहज दाखवत नाही. तथापि उपग्रहाला मिळतो तो पुंजाचा एक छेद, तोही मधून गेलेला की कडेला चाटून गेलेला हे न कळता. आणि दीड तासाने तो पुन्हा ध्रुवावर येतो तेव्हा पहिला पुंज निघून गेलेला असतो.

उंचीनुसार घनता, इलेक्ट्रॉन आणि आयन यांची तापमाने आणि वेग हे सगळे एकाच वेळी देणारे साधन म्हणजे असंगत विकिरण रडार. हे शक्तिशाली रडार इलेक्ट्रॉनांकडून परत येणारा अतिक्षीण प्रतिध्वनी टिपते. स्वालबार्डमधील लाँगयिअरब्येनजवळ १९९६ पासून असे रडार असून त्याला ३२ मीटर व्यासाची फिरती आणि ४२ मीटर व्यासाची स्थिर अशा दोन तबकड्या आहेत. रेझोल्यूट बे येथील रडाराची शलाका तबकडी न हलवता इलेक्ट्रॉनिक पद्धतीने वळवता येते. अशी रडारे मोजकीच आहेत आणि ती सतत चालवली जात नाहीत. उलट सुपरडार्न हे लघुलहरी रडारांचे आंतरराष्ट्रीय जाळे बहुधा अखंड चालते आणि अभिसरणाचे नकाशे देते, पण जेथे प्रतिध्वनी मिळत नाहीत तेथे नकाशातील रेषा सांख्यिकीय प्रतिमानाने ओढलेल्या असतात. नकाशासोबत प्रत्यक्ष नोंदींचे ठिपके छापण्याची सवय म्हणून आरंभापासूनच लावून घ्यावी.

कारण आणि परिणाम जोडताना वेळेची गल्लत फार होते. सौरवाताची मोजमापे पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवरच्या पहिल्या लाग्रांज बिंदूपाशी होतात (भारताचा आदित्य एल-१ जानेवारी २०२४ पासून तेथेच आहे आणि त्यावर चुंबकमापीही आहे), आणि सेकंदाला ४०० किलोमीटर वेगाचा सौरवात तेथून पृथ्वीपर्यंत यायला तासाहून थोडा अधिक वेळ घेतो. नासाच्या ओम्नी संचात ही वेळ चुंबकांबरापुढच्या धक्कातरंगापर्यंत सरकवून दिलेली असते, तरी त्यापुढचा प्रवास, आयनांबराचा प्रतिसाद आणि मुख्य म्हणजे पुंजाला निरीक्षणस्थानापर्यंत लागलेला वेळ हे अभ्यासकालाच मिळवावे लागते. रेझोल्यूट बेवर दिसणाऱ्या पुंजाचा संबंध त्याच क्षणीच्या सौरवाताशी लावणे म्हणजे नदीला आलेला पूर आणि त्याच मिनिटाचा पाऊस यांची जोडी लावण्यासारखे आहे.

पहिल्या सरावासाठी २६ सप्टेंबर २०११ चे चुंबकीय वादळ घेणे सोयीचे आहे. त्या दिवशीच्या इलेक्ट्रॉन-संख्येच्या आणि सुपरडार्नच्या नकाशांवरून झांग आणि सहकाऱ्यांनी पुंजांचा जन्मापासून रात्रीच्या बाजूपर्यंतचा प्रवास मांडला आणि तो निबंध २०१३ मध्ये सायन्स नियतकालिकात आला, त्यामुळे स्वतःचे चित्र ताडून पाहायला आधार मिळतो. दोन्ही नकाशे पाच मिनिटांच्या अंतराने एकावर एक ठेवावेत, एका पुंजाची पुढची आणि मागची कड दर वेळी हाताने खुणावी, त्यावरून वेग काढावा आणि तो रडाराच्या वेगाशी जुळतो का ते पाहावे. जुळला नाही तर कड चुकली आहे, की पुंज वाहण्याऐवजी विरत आहे, की रडाराचा तेथील वेग केवळ प्रतिमानाचा आहे, या क्रमाने शंका घ्यावी. नंतर तोच पुंज वेगाच्या नकाशावर उलट दिशेने मागे नेत दिवसाच्या बाजूच्या उगमापर्यंत पोचवावा. ही कामे आता प्रणालीकडून करून घेता येतात, पण पहिले चार-पाच पुंज हातानेच मोजलेले बरे.

पुंजांच्या अभ्यासाला व्यावहारिक निकड आहे ती त्यांच्या कडांमुळे. घनतेचा तीव्र उतार आणि प्रवाहाची दिशा विशिष्ट प्रकारे जुळली की उतार-प्रवाह अस्थिरता निर्माण होते, तिच्या वाढीचा वेग साधारणपणे प्रवाहाच्या वेगाला उताराच्या लांबीने भागल्यावर मिळतो, आणि पुंजाची मागची कड तिला अधिक बळी पडते. या अस्थिरतेतून कित्येक किलोमीटरांपासून काही मीटरपर्यंतच्या विस्कळीत रचना उमटतात आणि त्यांतून येणारा उपग्रहसंदेश ताऱ्यासारखा लुकलुकतो, म्हणजेच सिंटिलेशन होते, ज्यामुळे ध्रुवीय मार्गावरील विमाने आणि जहाजे यांच्या स्थाननिश्चितीत अडथळा येतो. संदेशाच्या कलेतील, म्हणजे त्याच्या तरंगाच्या टप्प्यातील, चढउताराचा निर्देशांक वापरताना एक खाचखळगा ध्यानात ठेवावा: त्यासाठी मंद बदल ०.१ हर्ट्झच्या गाळणीने काढून टाकण्याची जुनी प्रथा आहे, पण ध्रुवप्रदेशात प्लाझ्मा वेगाने वाहत असल्यामुळे मोठ्या, निरुपद्रवी रचनांचे बदलही या गाळणीतून पार होतात आणि निर्देशांक फुगतो, तर संदेशाची तीव्रता मात्र स्थिर असते.

महाराष्ट्र-गोव्यातील अभ्यासकाला या विषयात जवळची दारेही आहेत. गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राच्या व्यवस्थेखाली स्वालबार्डमधील न्यू ओलेसुंड येथे २००८ पासून हिमाद्री हे स्थानक आणि अंटार्क्टिकावर मैत्री व भारती ही स्थानके आहेत, आणि नवी मुंबईतील भारतीय भूचुंबकत्व संस्थेची अंटार्क्टिकावरील चुंबकीय निरीक्षणांची परंपरा जुनी आहे. ही स्थानके एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत. मैत्रीचा चुंबकीय अक्षांश सुमारे ६३ अंश आहे, त्यामुळे ते सामान्यतः टोपीच्या बरेच बाहेर राहते. भारती सुमारे ७५ अंशांवर असल्याने दिवसाच्या बाजूला असताना प्लाझ्मा टोपीत शिरतो त्या तोंडाखालून जाते. हिमाद्री सुमारे ७६ अंशांवर असून डिसेंबरच्या अखेरीस तेथे भर दुपारी सूर्य क्षितिजाखाली १२ अंश असतो, म्हणून चुंबकीय मध्यान्हाच्या वेळी, म्हणजे भारतीय वेळेनुसार दुपारी अडीचच्या सुमारास, दिवसाच्या बाजूचा ध्रुवीय प्रकाश आणि तेथून सुटणारे पुंज कॅमेऱ्याने टिपता येतात. पृथ्वीवर अशा जागा विरळा. भारताने तेथे हिवाळी मोहिमा सुरू केल्या त्या डिसेंबर २०२३ पासून. दक्षिणेत पुंज डिसेंबरमध्ये अधिक की जूनमध्ये, हा वर सांगितलेला वाद उपग्रहांच्या छेदांवर उभा आहे; भारतीच्या परिसरातील जमिनीवरच्या ग्राहकयंत्रांच्या नोंदी आणि हिमाद्रीच्या परिसरातील नोंदी यांना एकच निकष लावून, आधी गुणोत्तराचा आणि मग निव्वळ वाढीचा, वर्षभराची मोजणी केली तर त्या वादात घालण्याजोगी एक स्वतंत्र नोंद तयार होऊ शकते, आणि तिला लागणारा संगणक एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतलाही पुरेसा आहे.